मोसवाइदचे चर

हिंटरएगमध्ये माडलेनी उल्चीला सगळे ‘चरवाली’ म्हणायचे. पाठीमागेही म्हणायचे आणि तोंडावरही, कारण तिला त्या नावाचा राग नव्हता. झिमेनतालच्या त्या आडखोऱ्यात कुणी आपल्या गाईंवरून ओळखला जाई, कुणी चीजवरून. माडलेनी तिच्या फावड्यावरून.

गावासमोर, ओढ्याच्या पलीकडे, मोसवाइद नावाचं मोठं उतरतं कुरण होतं. लांबून बघावं तर गाईंनी चाटून गुळगुळीत केल्यासारखं हिरवंगार. जवळ जावं तर पाय घोट्यापर्यंत आत. त्या कुरणावर आडवे-तिरपे सतरा चर होते, हातभर रुंद, गुडघाभर खोल. आणि सगळ्यांच्या वर, फरच्या झाडांच्या रानाच्याही वर, एक लांबच लांब जुना चर होता. वितळलेल्या बर्फाचं पाणी जमिनीत मुरायच्या आत धरायचं आणि बाजूच्या खडकाळ घळीत नेऊन सोडायचं, एवढंच या चरांचं काम. ते कुणी खणले हे कुणाला ठाऊक नव्हतं. वर्षातून दोनदा ते साफ करावे लागतात, एवढं मात्र सगळ्यांना ठाऊक होतं.

कारण मोसवाइदच्या पोटात फ्लिश होता. हा शब्द तिथल्याच माणसांचा. पुढे तो शिकलेल्यांच्या पुस्तकांत जाऊन बसला, पण त्याआधी कित्येक पिढ्या बाया-बापे तो शिवीसारखा वापरत आले. काळपट, थराथरांचा दगड. कोरडा असला की नखानं सोलावा, ओला झाला की लोणी. ‘फ्लिशवर घर बांधलं आणि जावयावर विसंबला’ एवढं म्हटलं की ऐकणाऱ्यानं पुढचं समजून घ्यायचं.

माडलेनी एकोणीस वर्षांची असताना, म्हणजे एकोणीसशे अडतीस साली, बर्नहून एक भूगर्भवाला त्यांच्या घरी उन्हाळाभर राहायला आला होता. डॉक्टर स्टेटलर. दिवसभर हातोडी घेऊन घळीघळींतून फिरायचा आणि रात्री नकाशात रंग भरायचा. एकदा घळीतली वाट दाखवायला माडलेनी त्याच्याबरोबर गेली. एका उभ्या कड्यापाशी तो थांबला. दगडाचे थर एकावर एक रचलेले, वाळूचा एक, चिखलाचा एक, पुन्हा वाळूचा, असे शेकडो.

‘‘हा डोंगर इथला नाही बरं का,’’ तो म्हणाला.

‘‘मग कुठला?’’

‘‘दक्षिणेकडच्या समुद्राचा. तळाशी गाळ साचत गेला, थरावर थर. मग दक्षिणेची जमीन उत्तरेकडे रेटत आली आणि तिनं ही सगळी चळत उचलून इथं दुसऱ्या खडकांवर आणून घातली. दुलईवर दुलई घालावी तशी. तुमच्या घराखाली अशा आणखी दोन दुलया आहेत.’’

माडलेनीला हसू आलं. पण तिनं विचारलं, ‘‘आता तरी थांबलाय ना?’’

डॉक्टरनं पाइप पेटवायला जरा जास्तच वेळ घेतला. ‘‘डोंगर थांबलाय,’’ तो म्हणाला. ‘‘त्याची कातडी थांबलेली नाही.’’

घरी येऊन तिनं हे सांगितलं तेव्हा तिचा बाप बटाट्यांच्या परातीवरून म्हणाला, ‘‘समुद्राचा डोंगर? मग उद्यापासून जेवायला मासे कर.’’ सगळे हसले. माडलेनीही हसली. पण त्या दिवसापासून मोसवाइदवरून चालताना तिचे पाय आपोआप हलके पडू लागले.

पाच वर्षांनी तिचं क्रिस्टन उल्चीशी लग्न झालं. तो गावच्या वाटा आणि चर सांभाळायचा. मितभाषी माणूस, पण पाण्याबद्दल बोलायला लागला की थांबायचा नाही. त्यानंच तिला शिकवलं, की चराचा तळ फावड्यानं नाही, पायानं वाचायचा. गवत कुठं अवेळी हिरवं आहे ते बघायचं. तिथं खाली पाणी कोंडलंय. आणि झऱ्याचं पाणी निळसर राखाडी झालं तर हातातलं काम टाकून वर बघायला जायचं.

‘‘का?’’ तिनं विचारलं होतं.

‘‘कारण मग डोंगर आतल्या आत दळायला बसलेला असतो.’’

अठ्ठावन्नच्या हिवाळ्यात लाकूडतोडीच्या वेळी एक फर उलट्या बाजूला पडला आणि क्रिस्टन त्याच्याखाली सापडून गेला. वसंत आला, बर्फ वितळू लागलं, आणि पंचायतीत चर्चा सुरू झाली की आता चरांचं काय करायचं. चर्चा चालू असतानाच माडलेनी नवऱ्याचं फावडं खांद्यावर टाकून पूल ओलांडून गेली. तिला कुणी नेमलं नाही; कुणी काढलंही नाही. पुढची तेरा वर्षं मोसवाइदचे चर तिनं एकटीनं उघडे ठेवले.

तिचा धाकटा भाऊ एर्न्स्ट गोबेली याच काळात गावचा अध्यक्ष झाला. एर्न्स्ट वाईट माणूस नव्हता. हे सांगायला हवं, कारण पुढे लोकांनी त्याच्याबद्दल काय काय म्हटलं. गावातली तरुण पोरं एकामागून एक खाली शहराकडे उतरत होती, शाळेत नऊ मुलं उरली होती, आणि एर्न्स्टला वाटलं की सुट्टीत येणाऱ्या पाहुण्यांसाठी घरं बांधली तर गाव जगेल. मोकळी, उन्हाची, देखण्या नजाऱ्याची जागा एकच होती. मोसवाइद. एकोणसत्तरपासून तीन वर्षांत तिथं चौदा लाकडी घरं उभी राहिली, काही पाहुण्यांसाठी, काहींत गावातलीच कुटुंबं राहायला गेली, आणि त्यांच्या मध्यभागी एर्न्स्टची स्वतःची खानावळ, लाल जिरेनियमच्या फुलांनी भरलेल्या खिडक्यांची.

उघडे चर पाहुण्यांच्या पायांत येऊ लागले. एकाहत्तरच्या सभेत ठराव आला की चर बुजवायचे आणि पाणी जमिनीखालच्या नळांतून न्यायचं. बायकांना सभेत हात वर करायचा हक्क नुकताच मिळाला होता. माडलेनी उभी राहिली.

‘‘नळात पाणी जातंय की नाही ते दिसणार कसं?’’ तिनं विचारलं.

‘‘दिसायची गरजच नाही, माडलेनी,’’ एर्न्स्ट म्हणाला. ‘‘नळ म्हणूनच तर टाकायचे.’’

‘‘जमीन हलली की नळ मोडेल. चर मोडला तर मला दिसतो. नळ मोडला तर डोंगर पीत बसेल आणि आपल्याला पत्ता नाही.’’

‘‘जमीन कशाला हलेल?’’

‘‘अरे, मोसवाइद आहे ती!’’

मागून कुणीतरी म्हणालं, ‘‘चरवालीचं दुकान बंद होतंय, दुसरं काय!’’ हशा पिकला. ठराव मंजूर झाला. मात्र रानावरचा तो लांब जुना चर उघडाच ठेवायचा आणि तो माडलेनीनं सांभाळायचा, असं ठरलं. तिथवर नळ नेणं कुणालाच झेपणारं नव्हतं.

चार वर्षं तिनं तो सांभाळला. पंचाहत्तरच्या शरदात एका रविवारी खानावळीत भाऊ-बहिणीचं वाजलं. माडलेनी सांगायला गेली होती की तिसऱ्या घरामागचं गवत ऑक्टोबरातही कोवळं हिरवं आहे, नळ उकरून बघ. खानावळ भरलेली होती, पाहुणे बसले होते. एर्न्स्टचा पारा चढला.

‘‘तुला खरं काय हवंय सांगू?’’ तो सगळ्यांदेखत म्हणाला. ‘‘तुला ही जमीन घसरायलाच हवीय. ती घसरली नाही तर तुझी सगळी वर्षं पाण्यात. चर नसले तर तू आहेस तरी कोण?’’

माडलेनी उठली. घरी आली, फावडं कोठीत खिळ्याला अडकवलं आणि दार लावलं. ‘तुझे नळ पिऊ देत पाणी,’ ती मनाशी म्हणाली. त्या शरदात ती वरच्या चराकडे गेली नाही. वसंतातही नाही. पुढच्या शरदात तिचे पाय दोनदा पुलापर्यंत गेले आणि दोन्ही वेळा परत फिरले. फरच्या सुया, दगड, कुजकी पानं त्या चरात साचत राहिली. कुणाला कळलं नाही, कारण तिथं तिच्याशिवाय कधी कुणी जातच नव्हतं.

सत्याहत्तरचा हिवाळा बर्फाचा होता. एप्रिल संपेपर्यंत वर कमरेइतकं बर्फ होतं, आणि मे लागताच त्यावर कोमट पाऊस सुरू झाला. नऊ दिवस थांबला नाही.

चौथ्या दिवशी माडलेनी ओढ्यावर दुधाचे डबे घासायला गेली आणि तशीच उभी राहिली. मोसवाइदकडून येणारं पाणी राखेसारखं झालं होतं. तिनं त्यात हात बुडवला, बोटं चोळली. पिठासारखं लागलं.

तिनं डबे तिथंच टाकले. अंगणात पडलेले लाकडी खुंट उचलले, हातोडा घेतला, आणि पावसात मोसवाइदवर जाऊन आडव्या रेषेत अकरा खुंट ठोकले. पहिला आणि शेवटचा कडेच्या पक्क्या खडकाच्या फटीत, बाकीचे मध्ये. पहिल्या खुंटामागे डोळा लावला की सगळे खुंट एका ओळीत चर्चच्या मनोऱ्याशी जुळत होते. चर्च पलीकडच्या चुनखडीवर होतं. ते हलणारं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मधले सात खुंट चार बोटं खाली सरकले होते. तिसऱ्या दिवशी वीतभर. तिनं तो दिवस दारोदार फिरून काढला. एका घरात बाई म्हणाली, आमचं स्वयंपाकघराचं दार दोन दिवस लागत नाही, पावसानं लाकूड फुगलंय. दुसऱ्या घरात कुंपणाची तार सतारीच्या तारेसारखी ताणली होती. माडलेनीनं बोट लावलं तशी ती वाजली, आणि ती अंगणातून बाहेर पडत असतानाच तुटली. म्हातारा अब्राहाम श्लेप्पी, जो तिथं जन्मला होता आणि ज्याचं घर कुरणाच्या कडेला त्या चौदा घरांच्या कितीतरी आधीपासून होतं, खिडकीतून म्हणाला, ‘‘तीन रात्री झाल्या, खाली कुणीतरी पोती ओढतंय.’’

‘‘अब्राहाम, आजच्या आज निघा.’’

‘‘निघून कुठं जाऊ? पोती ओढणाऱ्याला आधी नाव तर विचारू दे,’’ तो म्हणाला. पण हसला नाही.

रानाखाली तिला भेग दिसली. गवत फाटल्यासारखी, नागमोडी, इकडच्या घळीपासून तिकडच्या घळीपर्यंत. तिच्यात हात घातला तर खांद्यापर्यंत गेला. आतून थंड वारा येत होता. आणि वरून, जिथं जुना चर होता तिथून, पाण्याचा पट्टा रानातून वाहत येऊन थेट त्या भेगेत शिरत होता. आवाज न करता. ती तिथं किती वेळ उभी होती ते तिला पुढे कधी सांगता आलं नाही.

ती एर्न्स्टकडे गेली. दोन वर्षांत त्यांच्यात शब्द झाला नव्हता. ‘‘चल, तुला खुंट दाखवते,’’ एवढंच म्हणाली. त्यानं तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि टोपी घातली. पहिल्या खुंटामागे वाकून त्यानं डोळा लावला. वाकलेला सरळ व्हायला त्याला फार वेळ लागला.

‘‘कधीपासून?’’

‘‘तीन दिवस. रोज जास्त.’’

त्याच संध्याकाळी त्यानं बर्नला फोन केला, हे त्याच्या बाजूनं सांगायलाच हवं. सकाळी सरकारी इंजिनिअर आला, त्सुरब्रिग नावाचा, चिखलाने माखलेल्या बुटांचा. खुंट पाहिले, भेग पाहिली, आणि म्हणाला, ‘‘दुपारपर्यंत एकही माणूस इथं दिसता कामा नये.’’

रविवार होता. समोर चर्चची घंटा वाजत होती आणि मोसवाइदवरून माणसं गाद्या, कोंबड्या, शिवणयंत्रं घेऊन पुलाकडे उतरत होती. किंकाळी नाही, धावपळ नाही. फक्त दर थोड्या वेळानं कुठंतरी एखादी तुळई कडाडायची आणि सगळे क्षणभर जागीच थांबायचे. अब्राहामला चौघांनी खुर्चीसकट उचलून आणलं. तो सारखा मागे वळून म्हणत होता, ‘‘घड्याळाला चावी दिली नाही.’’

माणसं मोजली तेव्हा एक कमी निघाला. एर्न्स्ट.

‘‘मी आणते,’’ माडलेनी म्हणाली. इंजिनिअरनं तिचा दंड धरला. तिनं त्या हाताकडे असं काही पाहिलं की त्यानं दंड सोडून दिला.

खानावळीचा पुढचा दरवाजा चौकटीत घट्ट बसला होता. तिनं कडेला पडलेलं फावडं उचललं, जिरेनियमच्या कुंड्या ढकलल्या आणि काच फोडून आत गेली. जमीन कलली होती; खुर्च्या सगळ्या एका भिंतीशी जाऊन गोळा झाल्या होत्या. एर्न्स्ट मोठ्या मेजापाशी बसला होता, हात मेजावर सपाट ठेवून, जणू मेज पळून जाईल.

‘‘ऊठ.’’

‘‘तू जा, माडलेनी.’’

‘‘ऊठ म्हणते ना!’’

‘‘चौदा घरं,’’ तो म्हणाला. ‘‘मी आणली ती माणसं इथं. तू सांगत होतीस आणि मी तुझं हसं केलं. आता खाली जाऊन कुणाला तोंड दाखवू? मला इथंच राहू दे.’’

भिंतीत काहीतरी खाडकन तुटलं. कपाटातले पेले एकामागून एक खाली सरकून फुटू लागले. माडलेनीनं मेजावर फावडं आपटलं.

‘‘ऐक. वरचा चर मी दोन वर्षं उघडला नाही.’’

त्यानं मान वर केली.

‘‘तुझ्यावरच्या रागानं. एकदाही गेले नाही. तो बुजलाय आणि सगळं पाणी भेगेत जातंय, मी डोळ्यांनी बघून आलेय. सगळं पाप एकट्याच्या नावावर घेऊन बसलायस, मोठा आलास! त्यातलं निम्मं माझं आहे. ते सगळं माझ्या एकटीवर टाकून जायचं असेल तर बस.’’

एर्न्स्ट तिच्याकडे पाहत राहिला. रागानं की कशानं, तिला कळलं नाही. मग तो उठला. खिडकीतून आधी तिला बाहेर काढलं, मग स्वतः उतरला. कुरण ओलांडताना त्यांच्या पायांखालची जमीन झोपेत कूस बदलणाऱ्या गाईसारखी हलत होती. पुलावर पोचल्यावर एर्न्स्टनं तिचा रक्ताळलेला हात आपल्या रुमालानं बांधला.

मोसवाइद कोसळली नाही. फ्लिश कोसळत नाही, चालतो. बारा दिवस चालत होता. सगळ्यांत जोरात असताना दिवसाला सहा हात. गाव ओढ्याच्या या काठावर उभं राहून रोज बघत होतं. घरं आधी वाकली, मग गुडघ्यांवर बसली, मग एकमेकांत शिरली. खानावळीचं छप्पर सातव्या दिवशी अख्खं उरलं होतं, आणि खाली काही नव्हतं. फरचं रान उभंच्या उभं खाली आलं. झाडं दारुड्यांसारखी एकमेकांच्या खांद्यांवर. तेराव्या दिवशी चिखलाची जीभ ओढा ओलांडून पुलापाशी, या काठावर येऊन थांबली. पुलाजवळचं माडलेनीचं घर तिच्याखाली गेलं, आणि ती गावातच लग्न झालेल्या मुलीकडे राहायला गेली.

कुणी मेलं नाही, असं वर्तमानपत्रात आलं. अब्राहाम श्लेप्पी सहा आठवड्यांनी खाली दरीत, पुतणीच्या घरी वारला, पण ते मरण म्हातारपणात धरलं गेलं.

त्याच वर्तमानपत्रात माडलेनीचा फोटोही आला. ‘जिनं आधीच ओळखलं होतं.’ लोक वाटेत थांबवून तिचे हात हातात घ्यायचे. एर्न्स्टला पाहून रस्ता बदलायचे. त्यानं अध्यक्षपद सोडलं, आणि बहिणीनं सांगितलेल्या त्या वरच्या चराबद्दल कुणाजवळ चकार शब्द काढला नाही.

माडलेनी इंजिनिअरकडे गेली आणि सगळं सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकलं. म्हणाला, ‘‘जमीन चाळीस मीटर खोलवर सुटली आहे, बाई. पुरलेले नळही तुटलेले निघाले, बहुतेक दोन-तीन वर्षांपूर्वीच. ती येणारच होती.’’

‘‘या वर्षी?’’

‘‘चर उघडा असता तर कदाचित दोन-चार वसंत आणखी निघाले असते. कदाचित नाही.’’

हा ‘कदाचित’ घेऊन ती मुलीच्या घरी परतली आणि हिवाळाभर त्याच्याशी बसून राहिली.

अठ्ठ्याहत्तरच्या वसंतसभेत आभाराचा ठराव आला, तिच्या नावाचा. टाळ्या सुरू व्हायच्या आत ती उभी राहिली. वरचा चर माझ्याकडे होता, म्हणाली. दोन वर्षं मी तो उघडला नाही. भावावर राग होता म्हणून. मग बसली.

लोकांना हे नको होतं. एक जण दोषी आणि एक जण शहाणी, अशी त्यांची मांडणी वर्षभरात पक्की बसली होती. अखेर नवा अध्यक्ष घसा खाकरून म्हणाला, ‘‘बाई थकल्या आहेत. हे इतिवृत्तात घ्यायची गरज नाही. पुढचा विषय.’’

मागच्या बाकावरून एर्न्स्ट उठला. वर्षभरात पहिल्यांदाच तो सभेला आला होता.

‘‘लिहा,’’ तो म्हणाला. ‘‘ती म्हणाली तसंच लिहा. आणि त्याखाली लिहा, की नळ माझे होते.’’

चिटणीसानं अध्यक्षाकडे पाहिलं, मग लिहिलं. आभाराचा ठराव पुन्हा कुणी मांडला नाही.

त्या जूनमध्ये दोघं भावंडं मोसवाइदवर गेली आणि मोडक्या जमिनीवर नवे चर आखायला लागली. गावानं सांगितलं नव्हतं. लोकांचं वागणं दोघांशीही आता सारखंच होतं, म्हणजे नमस्कारापुरतं. कधी कधी दिवसभर काम करून दोघांत तीन वाक्यं व्हायची, त्यातली दोन भाकरी-चीजबद्दल. माडलेनीनं वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षापर्यंत फावडं धरलं.

आता तिथं पुन्हा गवत आहे. घर बांधायला बंदी आहे. वरून जाणाऱ्या रस्त्यावर मोसवाइदवरच्या सहाशे पावलांपुरतं डांबर टाकत नाहीत, नुसती खडी. डांबर दर वसंतात फाटतं. दर मे महिन्यात दोन माणसं येऊन खुंट वर्षभरात किती सरकले ते मोजतात आणि आकडा पंचायतीच्या दारावर लावतात. यंदाचा पाच बोटं होता. गेल्या वर्षी तीन.